चौदावा चहा : बडोद्यातील एका रविवारच्या सायकलफेरीचे प्रकरण

उत्तरायणाच्या, म्हणजे गुजरातेतील पतंगांच्या संक्रांतीच्या, आदल्या रविवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास, बडोद्याच्या पश्चिमेला असलेल्या सेवासी गावातील एका टपरीवर आम्ही चौदा चहा सांगितले आणि त्यांपैकी एक पेला शेवटपर्यंत कोणी उचलला नाही. तो निवत चालला असताना आमच्यातील एका वहिनींनी सहज विचारले, ‘हा कोणाचा राहिला?’, आणि तेव्हा कुठे चौदावा माणूस अजून पोहोचलेलाच नाही हे आमच्या ध्यानात आले. तो माणूस म्हणजे ६७ वर्षांचे, गणित शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना नुसते ‘सर’ म्हणतो. ते त्या वेळी आमच्यापासून चार किलोमीटर मागे, गोत्रीजवळ, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मागच्या चाकात गुंतलेला पतंगाचा मांजा घराच्या किल्लीने तोडू पाहत होते. त्यांच्या हनुवटीखाली एक बारीक लाल रेघ उमटली होती आणि गळ्यातला लोकरी मफलर एका जागी कापला गेला होता.

दुखापत किरकोळ होती आणि सर स्वतःच तिचा उल्लेख टाळत होते, त्यामुळे हे प्रकरण तिथेच विसरून जाणे सोपे होते. ते सविस्तर लिहून काढावेसे वाटले, कारण ही फेरी ‘आरामशीर’ म्हणूनच ठरलेली होती, आलेल्यांपैकी कोणालाही शर्यत करायची नव्हती, सर्वांचे एकमेकांशी उत्तम संबंध होते, आणि तरीही वयाने सर्वांत मोठा माणूस जवळजवळ ४० मिनिटे अंधुक रस्त्यावर एकटा राहिला. फेरी आखणाऱ्यांपैकी मी एक होतो आणि त्या सकाळी सर्वांत पुढे मीच होतो, ही गोष्ट आरंभीच नोंदवणे योग्य होईल.

मंडळी आणि मार्ग

आमचा गट ही काही नोंदलेली संस्था नाही. दांडिया बाजार, रावपुरा आणि अकोटा या भागांत राहणारी, एकमेकांना गणेशोत्सवातून किंवा मुलांच्या शाळेमुळे ओळखणारी, बहुतेक गायकवाडी अमलात इकडे आलेल्या मराठी घरांतली ही माणसे महिन्यातून दोन रविवारी सायकली काढतात, कुठे तरी जाऊन चहा पितात आणि परतताना सेव उसळ खातात. सायकलींमध्ये एकसारखेपणा मुळीच नाही. त्या दिवशी गिअरच्या सहा सायकली होत्या, त्यांतील दोन बारीक टायरांच्या आणि वाकलेल्या मुठीच्या होत्या. पुढे जाळीची टोपली असलेल्या लेडीज सायकली तीन होत्या. बाकीच्या साध्या, बिनगिअरच्या. सरांची सायकल २८ इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची, काळी, म्हणजे दूधवाले अजूनही वापरतात त्या जातीची आहे आणि तिच्यावर त्यांचा जीव आहे.

मार्ग असा होता : सूरसागरापासून दांडिया बाजारमार्गे अकोट्याचा पूल, तिथून गोत्री, सेवासी आणि पुढे मही नदीकाठचे सिंधरोट. जाऊन-येऊन हे अंतर साधारण ३५ किलोमीटर भरते. सेवासीला थांबण्याचे कारण केवळ चहा नव्हते. तिथे सोळाव्या शतकातली, विद्याधर वाव म्हणून ओळखली जाणारी पायऱ्यांची विहीर आहे आणि गटातील निम्म्या लोकांनी बडोद्यात जन्म काढूनही ती पाहिलेली नव्हती. निघण्याची वेळ साडेसहा ठरली होती. जानेवारीच्या मध्यावर बडोद्यात सूर्य सुमारे सात वाजून वीस मिनिटांनी उगवतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु उन्हाळ्यातली वेळ हिवाळ्यात तशीच चालू राहिली होती आणि ‘गर्दीच्या आधी निघालेले बरे’ या नेहमीच्या युक्तिवादापुढे कोणी हरकत घेतली नव्हती.

त्या सकाळी काय घडले

अकोट्याच्या पुलाचा चढ काही मोठा नाही, पण बिनगिअरच्या सायकलला तो जाणवतो. सौर पट्ट्यांच्या छताखालून आम्ही पुढचे चार-पाच जण बोलत बोलत वर गेलो, पलीकडे उतरलो आणि सगळे येईपर्यंत थांबलो. शेवटी सर आले. ते पाय टेकतात न टेकतात तोच कोणी तरी ‘झाले ना सगळे? चला’ म्हणाले आणि पावणेसातला आम्ही निघालो. तेथून सेवासीपर्यंतच्या साधारण सात किलोमीटरांत कुठेही थांबायचे ठरलेले नव्हते.

पुण्याहून नुकतेच बदलून आलेले एक गृहस्थ माझ्या बरोबरीने चालवत होते आणि आमचे बोलणे रंगले होते. सायकलवर गप्पा मारणाऱ्या दोघांचा वेग नकळत वाढतो, असा माझा अनुभव आहे; प्रत्येक जण दुसऱ्याच्या अर्धे चाक पुढे राहू पाहतो आणि दोघांनाही आपण रमतगमत चाललो आहोत असेच वाटत असते. आमचा वेग त्या टप्प्यात ताशी १८ किलोमीटरच्या आसपास होता, हे नंतर त्यांच्या मुठीवरच्या यंत्रावरून समजले. सरांचा वेग ताशी १४ असावा.

सातच्या सुमारास, संधिप्रकाश नुकताच पसरत असताना, गोत्रीजवळ रस्त्यावर आडवा आलेला मांजा सरांच्या गळ्याला लागला. तो आधीपासून खांबाला लोंबत होता की एखाद्या वाहनाने ओढत आणला होता हे सांगता येणार नाही. काळ्या सायकलवर माणूस ताठ बसतो, त्यामुळे त्याचा गळा समोरून पूर्ण उघडा असतो. सरांनी थंडीसाठी मफलर दुहेरी गुंडाळला होता म्हणून निभावले. त्यांनी ब्रेक दाबला, दोरी हाताने खाली सारली, आणि तिचे सुटे टोक मागच्या चाकात जाऊन फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातेरी चकती) आणि आसाच्या मधल्या फटीत गुंडाळले गेले. सुती मांजा असता तर ओढून तुटला असता, पण हा नायलॉनचा होता. अशा कृत्रिम धाग्याच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, तरी उत्तरायण जवळ आले की तो आकाशात असतो आणि उत्तरायण सरले की झाडांवर.

सरांच्या पुढे टोपलीच्या सायकलवर असलेल्या वहिनी त्या वेळी त्यांच्यापासून दोनेकशे मीटर पुढे होत्या. सरांनी हाक मारली नाही. ‘ऐकायला जाण्याइतके जवळ कोणी नव्हते, मग घसा कशाला कोरडा करायचा,’ असे त्यांनी नंतर सांगितले. त्यांचा फोन कॅरिअरला लावलेल्या पिशवीत होता आणि रात्री बंद केलेली घंटी त्यांनी सकाळी चालू केलेली नव्हती. सव्वासातला वहिनी सेवासीला पोहोचल्या. त्यांना वाटले सर मागून येतच असतील, आणि आम्हाला वाटले की वहिनी आल्या म्हणजे सगळे आले, कारण पुलावर त्या दोघांना आम्ही बरोबर पाहिले होते. पेल्याचा उलगडा झाला तेव्हा सात वाजून बावीस मिनिटे झाली होती. दोघे जण उलटे निघाले आणि साडेसातनंतर त्यांना सर सापडले.

कारणांचा शोध

वावेच्या काठावर बसून त्याच सकाळी चर्चा झाली आणि ती काहीशी तापली. पहिले मत मांजाला दोष देऊन मोकळे होणारे होते. ते मला पटले नाही. मांजा कोणालाही लागू शकतो, त्यात गटाचा दोष नाही हे खरे. परंतु मांजा लागल्यानंतरची ४० मिनिटे ही मांजाची करणी नव्हती. मांजाऐवजी पंक्चर झाले असते, चक्कर आली असती किंवा कुत्रा मागे लागला असता, तरी सर तितकेच एकटे असते.

दुसरे मत तरुण मंडळींचे होते : वेगाची मर्यादा ठरवावी आणि ती सर्वांनी पाळावी. हे ऐकायला योग्य वाटते, पण आमची मर्यादा ठरलेलीच होती. फेरीच्या निरोपात ‘ताशी १४-१५, आरामात’ असे मीच लिहिले होते आणि ती मर्यादा मोडणाराही मीच होतो, तीही मोडते आहे हे न कळता. म्हणून शिस्तीच्या पुढे जाऊन गटाच्या रचनेकडेच पाहणे भाग होते. घरी आल्यावर मी, आणि अर्थातच सरांनी, कागदावर हिशेब मांडला.

चौदा सायकली थांब्यावरून निघताना प्रत्येक जण पुढच्याला हललेला पाहून पाय उचलतो आणि त्यात दोन सेकंद गेली असे धरले, तर शेवटचा माणूस पहिल्यानंतर २६ सेकंदांनी निघतो. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. म्हणजे शेवटच्याचा पाय पॅडलवर पडतो तेव्हा पहिला १३० मीटर पुढे गेलेला असतो. ही फट नुसत्या निघण्याने पडते, त्यात कोणाच्याही दमछाकीचा संबंध नाही. ती भरून काढायची, तर शेवटच्याने ताशी २० किलोमीटरने जवळजवळ चार मिनिटे चालवले पाहिजे. गटातील सर्वांत मंद माणसाला गटातील सर्वांत अधिक वेगाने जावे लागते, असा हा उफराटा प्रकार आहे, आणि तो प्रत्येक थांब्यानंतर, प्रत्येक चौकानंतर, प्रत्येक गतिरोधकानंतर थोड्याफार प्रमाणात पुन्हा घडतो.

आता वेगाच्या फरकाचे पाहू. सात किलोमीटरांना ताशी १८ च्या वेगाने सव्वातेवीस मिनिटे लागतात आणि १४ च्या वेगाने बरोबर ३० मिनिटे. पहिला पोहोचतो तेव्हा शेवटचा दीड किलोमीटरहून जास्त मागे असतो. ताशी चार किलोमीटरचा फरक कानाला क्षुल्लक वाटतो, पण हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे १४ वरून १८ वर जायला निव्वळ हवेपोटी दुपटीहून अधिक जोर लावावा लागतो. आणि ताठ बसणाऱ्या काळ्या सायकलस्वाराला वाकून बसणाऱ्यापेक्षा ही हवा कितीतरी अधिक अंगावर घ्यावी लागते. शिवाय सरांच्या सायकलला पुढच्या दातेरी चकतीवर ४४ आणि मागच्या चकतीवर १८ दात आहेत. पॅडलच्या एका फेऱ्यात ती साधारण ५.४ मीटर जाते. मिनिटाला ४५ फेरे, जे त्यांच्या गुडघ्यांना मानवतात, म्हणजे ताशी साडेचौदा किलोमीटर. ताशी १८ साठी त्यांना ५५ फेरे मारावे लागतील, आणि बदलायला गिअर त्यांच्यापाशी नाहीत. ‘मी हळू चालवतो असे नव्हे,’ कागदावर रेघ ओढत सर म्हणाले, ‘माझ्या सायकलचे उत्तर एकच येते.’

सगळ्यांत बोचणारी बाब विश्रांतीची होती, आणि ती ध्यानात यायला आम्हाला तब्बल दीड वर्ष लागले याची मला अजूनही लाज वाटते. पुढचे लोक थांब्यावर पोहोचतात, पाणी पितात, फोटो काढतात, सात-आठ मिनिटे बसतात. शेवटचा माणूस येतो आणि ‘आले सगळे’ म्हणून गट निघतो. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत कमी त्याला ती सर्वांत अधिक मिळते आणि ज्याला ती हवी त्याला पाय टेकण्यापुरतीच. सर दीड वर्ष आमच्याबरोबर येत होते आणि प्रत्येक फेरीत त्यांनी बहुधा एकदाही नीट बसून पाणी प्यायलेले नसावे. त्यांनी याविषयी कधीच तक्रार केली नाही. आणि त्यांच्या वयाच्या, शाळेत आयुष्य काढलेल्या मराठी माणसाकडून ती होणारही नव्हती.

केलेले बदल, आणि त्यांतली पहिली चूक

काही गोष्टी वादाविना ठरल्या. उत्तरायणाच्या आधी आणि नंतर पंधरा-पंधरा दिवस सूर्योदयापूर्वी निघायचे नाही आणि त्या काळात प्रत्येकाच्या गळ्याला जाड कापड हवे. मांजा अडवायला स्कूटरला लावतात तशी मुठींवरची कमानदार सळई आम्ही एका सायकलला लावून पाहिली, पण ती खडखडत होती आणि ब्रेकच्या तारेला घासत होती, म्हणून काढून टाकली. हत्यारांच्या पिशवीत पाना, पंक्चरचे सामान आणि पंप यांबरोबर एक छोटी कात्री आली. फोनची घंटी चालू ठेवून तो खिशात ठेवायचा. आणि प्रत्येक थांब्यावर मोजणी करायची, तीही मोठ्याने, शाळेच्या सहलीत करतात तशी. पहिल्या दिवशी सगळ्यांना हसू आले.

शेवटच्या माणसाची जबाबदारीही ठरली. गटातील एक अनुभवी काका, जे सहज ताशी २५ ने चालवू शकतात, त्यांनी पाळीपाळीने आणखी एकाबरोबर सर्वांत मागे राहायचे, हत्यारांची पिशवी त्यांच्याकडे, आणि काहीही झाले तरी त्यांनी कोणाला ओलांडायचे नाही. मागे राहायला बलवान माणूसच हवा, कारण गरज पडल्यास पुढे धावत जाऊन गटाला थांबवणे त्यालाच जमते. दमलेल्याला ‘तुम्ही मागे या सावकाश’ म्हणणे ही सोय नसून सुटका करून घेणे आहे.

चूक झाली ती पुढच्या जागेबाबत. सर्वांत मंद सायकलीने सर्वांत पुढे राहावे म्हणजे फट पडणारच नाही, हा विचार कागदावर निर्दोष होता, म्हणून पुढच्या फेरीत आम्ही सरांना पहिल्या क्रमांकावर ठेवले. सयाजीबागेपासून निघून, काळा घोडा, पूर्वीच्या बडोदा कॉलेजचा घुमट, राजवाड्याची भिंत, सूरसागर आणि तांबेकर वाडा असा बारा किलोमीटरचा मार्ग मुद्दाम छोटा घेतला होता. सर पहिली दहा मिनिटे व्यवस्थित चालले आणि मग वेग वाढवू लागले. आपल्यामागे तेरा जण रेंगाळताहेत, ही जाणीव त्यांना सतावत होती. मागून एखादा ब्रेक करकरला की ते जोर लावत. राजवाड्याच्या भिंतीपाशी ते धापा टाकत उतरले आणि म्हणाले, ‘मागे होतो तेव्हा निदान दमलेला कोणाला दिसत नव्हतो.’ मागे राहिलेल्या माणसाला पुढे उभे केले की त्याचे मागे राहणे संपते, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात ते सर्वांच्या नजरेसमोर आले एवढेच.

म्हणून तिसऱ्या वेळी रचना पुन्हा बदलली. पुढे मी राहिलो, परंतु माझी गिअरची सायकल घरी ठेवून वडिलांची माळ्यावर पडलेली काळी सायकल दुरुस्त करून आणली. हा उपाय मला कोणी सुचवला नाही आणि तो शोधल्याचा मला थोडा गर्व आहे. त्या सायकलवर ताशी १८ ने गप्पा मारता येत नाहीत. गप्पा मारायच्या तर वेग आपोआप १४ वर येतो, कारण श्वास पुरत नाही. सर दुसऱ्या क्रमांकावर, माझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर, अर्थात हवेच्या आडोशाला. मुठीला एक गोल आरसा बसवला, ज्यात मला त्यांचा चेहरा दिसत राहील. विश्रांतीचा हिशेबही उलटा केला : घड्याळ पहिला पोहोचल्यावर नव्हे, तर शेवटच्याने पाणी पिऊन बाटलीचे झाकण लावल्यावर सुरू होते आणि त्यापुढे पाच मिनिटे गट हलत नाही.

फेब्रुवारीत याच रचनेने आम्ही पुन्हा सिंधरोटला गेलो. निघण्याची वेळ साडेसात होती. पूर्वीपेक्षा एकंदर २५ मिनिटे अधिक लागली आणि परतताना ऊन चटका देऊ लागले होते, हा तोटा खराच आहे. विश्वामित्री नदीच्या पुलावर मात्र आम्ही सगळे एकाच वेळी थांबलो आणि काठावर ऊन खात पडलेली मगर चौदाही जणांनी पाहिली; पूर्वी ती पहिल्या चौघांना दिसे आणि बाकीच्यांना तिचे वर्णन ऐकायला मिळे.

सर्वांना हे मानवले असे नाही. बारीक टायरांच्या सायकलींचे दोघे मित्र दोन फेऱ्यांनंतर येईनासे झाले. त्यांनी भांडण केले नाही. त्यांना चांपानेर-पावागढपर्यंत जाऊन दुपारपूर्वी परतायचे असते आणि आमच्याबरोबर ते कधीच शक्य नव्हते. ते गेल्याने गटाचे नुकसान झाले असे काही जणांना वाटते. मला तसे वाटत नाही, पण त्यांच्याइतक्या झटपट पंक्चर काढणारे हात आमच्यात आता दुसरे नाहीत, हेही खरे. त्यांच्या जागी, ‘मला झेपेल का’ म्हणून वर्षभर नुसती चौकशी करणाऱ्या एक मावशी येऊ लागल्या आहेत. मोजणीत त्यांचा क्रमांक नववा असतो आणि तो त्या सर्वांत खणखणीत आवाजात म्हणतात.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. पुढे काळी सायकल असणे ही सवय माझ्यापुरती आहे. मी ज्या रविवारी नसतो त्या रविवारी वेग पुन्हा १७-१८ वर जातो, असे सरांनी मागच्या महिन्यात वहीत लिहून दाखवले. ती वही त्यांनी जानेवारीपासून ठेवली आहे. तिच्यात प्रत्येक फेरीची तारीख, माणसे, अंतर, वेळ आणि शेवटच्या रकान्यात थांब्यावर आपण किती मिनिटे बसलो याची नोंद असते. मागच्या रविवारच्या ओळीत त्या रकान्यात ९ हा आकडा आहे, आणि त्यापुढे कंसात त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिले आहे : चहा गरम.